देव नसलेला टब

दोषाचे वर्णन

गुरुवार, सकाळचे दहा. कुरुळीत कौशल्याबाईंच्या पत्र्याच्या गाळ्यासमोर दोन-अडीचशे माणसं रांगेत उभी आहेत आणि प्रत्येकाच्या हातात पाप आहे.

पाप म्हणजे वाटीभर गढूळ पाणी. ते घरून आणायचं. कुंडीतली माती, चुलीची राख, काय असेल ते पाण्यात ढवळायचं आणि ढवळताना आपली चूक मनात म्हणायची. ज्याचं पाप मोठं, त्याचं पाणी दाट.

"भावा, तुझं तर अगदीच पातळ आहे."

"नवीन लग्न झालंय, राव. अजून वेळ मिळाला नाही."

"माझं बघ. दोन वेळा गाळलं तरी चमचा उभा राहतोय."

गुरुवारी आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी असते. त्यामुळे रांगेतला जवळजवळ प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या शॉपफ्लोअरवरचा, आणि त्यांनी देवाचा कारभारही तसाच लावला होता. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या. चपला ठेवायला चपलेच्या आकाराच्या आखलेल्या जागा. भिंतीवर फळा: 'आजचे पाप ४० लिटर. कालचे शिल्लक शून्य. विनाअपघात दिवस ८७.' दारात एक स्वयंसेवक प्रत्येक वाटी उजेडात धरून बघायचा आणि तेलकट पाप परत पाठवायचा. "तेल चालत नाही. देवाला ढेकर येतो."

आत काचेची मोठी टाकी. टाकीत नारळाएवढा दगड आणि दगडावर शेकडो काळपट शिंपल्या, एकेक नखाएवढी, एकमेकींना खेटून. सगळ्यांची तोंडं किंचित उघडी. टाकीच्या तळातून बुडबुडे येत होते आणि मखमली कापडाखालून बारीक, अखंड घुमारा. त्याला ॐकार म्हणायचं.

सिंधुनाथ महाराजांनी पहिलं पाप टाकीत ओतलं.

"समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली असं तुम्हाला सांगितलं," महाराज माइकवर म्हणाले. "खोटं! निघाली पंधरा. पंधरावं डिस्पॅचला राहिलं. ते हे! माणूस पाप करतो तीन शिफ्टमध्ये, देव खातो तीन तासांत. ही कार्यक्षमता कुठल्या कंपनीत आहे, सांगा?"

"कुठंच नाही!" रांग ओरडली.

टाकी चहासारखी झाली. आणि हे मी स्वतः पाहिलेलं आहे: तीन तासांनी तीच टाकी काचेसारखी लख्ख होते. तळाला बसलेला करडा गाळ महाराज चमच्याने काढतात, वाळवतात आणि अंगारा म्हणून देतात. तो लोक कपाळाला लावतात. काहीजण जिभेला.

तपासनीस

मी नीला. राहायला चिखलीत, कामाला एका कंपनीच्या तपासणी विभागात. दिवसभर लोखंडी बुश, म्हणजे यंत्रात बसणारी नळकांडी, मोजते. माझ्या हातून दिवसाला हजार नग जातात आणि कुठलाही नग नुसता चमकतोय म्हणून मी पास करत नाही. दर वेळी मी आधी मास्टर पीस, म्हणजे अचूक मापाचा नमुना, गेजमध्ये घालून बघते, कारण मापणारं गेजच खोटं बोलत असेल तर?

देवाच्या भानगडीत मी पडले नसते. पडले ती सुजितमुळे. सुजित माझ्या लाइनवर जुळणीला. गाव रत्नागिरीकडे खाडीकाठी. वडील नाहीत. आई, इंदुताई, ओहोटीला खडकांवरची कालवं फोडून विकते, त्यावरच तिने याला आयटीआय शिकवलं. चार वर्षं झाली, कालवं घटत चालली आहेत. जिथे टोपली भरायची तिथे तळ झाकत नाही. सुजित तिला कुरुळीला ये म्हणतो. ती म्हणते, तुझ्या खोलीत पाय पसरले तर गॅसच्या शेगडीला लागतात.

महाराजांनी त्याला उपाय दिला. एक पिल्लू-देव, म्हणजे मुठीएवढा दगड, शिंपल्यांसकट. तो खाडीत, आईच्या कालवांच्या खडकावर प्रतिष्ठापित करायचा. वर्षात कालवं सोन्यासारखी लगडतील. अशा बारा पोरांना बारा खाड्यांसाठी बारा डबे. डबे घेऊन टेम्पो गुरुवारी तीनला निघणार.

"तू माझी दोन दिवस जागा सांभाळ फक्त," सुजित मला म्हणाला. "आणि हसू नकोस."

"मी हसले का?"

"नाकातून हसलीस."

तात्पुरती नोंद, बुधवार संध्याकाळ

पिल्लू-देवाला प्रवासात खाडीचंच पाणी लागतं, त्याला उगमजल म्हणतात. म्हणून सुजितने आईला ते आणायला सांगितलं होतं. इंदुताई बुधवारी एसटीने आल्या. दोन हातांत पाण्याचे दोन डबे, डोक्यावर ओलं पोतं. पोत्यात तिसऱ्या, खाडीतल्या खायच्या शिंपल्या.

"पोरगीला जेवायला बोलव," त्यांनी सुजितला फर्मावलं. ती पोरगी म्हणजे मी.

मी गेले तेव्हा त्या नारळ खवत होत्या. शेजारी प्लास्टिकच्या टबात तिसऱ्या भिजत पडलेल्या. त्यांची तोंडं उघडी, दोन-दोन बारीक नळ्या बाहेर. टबातलं पाणी इतकं स्वच्छ की तळावरची 'मेड इन' अक्षरं वाचता येत होती.

"ताई, पाणी बदललंत का?"

"कशाला? चिखलाचंच वतलं व्हतं. चिखलाच्या पाण्यात ठेवल्यावर त्या प्यातात न् थुकतात, प्यातात न् थुकतात. पोटातली वाळू बी जाते आन् पानी बी निवळतं. माजी आजी बी असंच करायची." त्यांनी मान वर केली. "तू अशी का बघतंस? भूत दिसलं?"

भूत नव्हे. मला महाराजांची टाकी दिसली होती. मी सुजितकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. कोपऱ्यात लाल फडक्यात गुंडाळलेला डबा होता, त्याच्यावर लेबल: 'देव. ही बाजू वर.'

"उघडून दाखव ना आईला."

"झाकण उघडलं की तेज जातं."

"लोणच्यासारखं?" इंदुताई म्हणाल्या.

सुजित जेवणात तीन वाट्या रस्सा प्यायला.

चाचणी

गुरुवारी मी तीन टब घेऊन रांगेत गेले. पिवळी पट्टी ओलांडली म्हणून स्वयंसेवकाने शिट्टी वाजवली.

"महाराज, एक लहानशी तपासणी करायची आहे," मी म्हटलं. "तिन्ही टबांत खाडीचं सारखंच पाणी, सारखीच माती. एकात सुजितचा पिल्लू-देव. दुसऱ्यात इंदुताईंच्या तिसऱ्या."

"आणि तिसऱ्या टबात?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

महाराजांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच घाम दिसला. "बाळे, देवाची परीक्षा घेणाऱ्याचं वाटोळं होतं."

गाळ्याची मालकीण कौशल्याबाई ओट्यावर तंबाखू मळत होत्या. गावच्या जुन्या घरातल्या. त्यांच्या शेतावरच अर्धी कुरुळी भाड्याने राहते. "ठेव गं पोरी टब," त्या म्हणाल्या. "देवाला कसलं भ्या? आन् महाराज, माझ्या गाळ्यात वाटोळं कुणाचं व्हायचं ते मी ठरवीन. व्हय का न्हाई?"

"व्हय," महाराज म्हणाले. त्या मालकीण होत्या.

सुजितने स्वतःहून डबा पुढे केला. "कर. देव जिंकला की मला दोन नाही, चार दिवस सांभाळायचं."

त्याने फडकं सोडलं आणि दगड पहिल्या टबात ठेवला. इंदुताई वाकल्या. डोळे बारीक करून त्यांनी त्या नखाएवढ्या शिंपल्या पाहिल्या, एकीला बोटाने ढकलून बघितलं. ती हलली नाही. दोऱ्यांनी घट्ट चिकटलेली होती. इंदुताईंनी हात असा मागे घेतला जसा आपण गरम तव्यावरून घेतो. मग त्या ओट्यावर जाऊन बसल्या.

"काय झालं, ताई?"

"आदी व्हऊंदे तुजं. मग सांगते."

प्रत्येक टबाच्या तळाशी मी पांढरी बशी ठेवली, तिच्यावर काळी फुली मारली. वरून फुली दिसली की पास. घड्याळ लावलं. रांग मोडून सगळे टबांभोवती गोळा झाले. पैजा लागल्या. कुणीतरी ग्रुपवर टाकलं, 'देव विरुद्ध तिसऱ्या, कुरुळी, थेट.' थेरगावहून डांगे चौकातला एक नारळवाला टेम्पो घेऊन आला, कारण जिंकेल त्याच्यापुढे नारळ फुटणारच होते.

बाराला ॐकार बंद पडला.

गुरुवारी सकाळपासून लाइट नव्हती. नेहमीचंच. गाळा इन्व्हर्टरवर चालला होता आणि इन्व्हर्टरने आता मान टाकली. मखमलीखालचा घुमारा थांबला, बुडबुडे थांबले. माणसं हादरली. एका बाईने रडायला सुरुवात केली.

"देव मौनात गेला!" महाराज गरजले. "अश्रद्धेमुळे!"

विक्की नावाचा मेंटेनन्सचा पोऱ्या पुढे आला. त्याने डोळे मिटून कान दिला, जसं डॉक्टर छातीला देतो. "महाराज, मौनात नाही गेला. माशांच्या टाकीचा एअर पंप आहे. आतला रबरी पडदा कधीचा वाजतोय. मी रोज ऐकतोय, मला वाटलं तुम्हाला माहितीये." आणि त्याने मखमल उचलली. खाली हिरवा पंप, त्याला रबरी नळी. नळीवर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

"तो देवाचा श्वास आहे," महाराज क्षीणपणे म्हणाले.

"मग श्वासाचा पडदा बदला, पाच मिनिटांचं काम आहे."

निकाल

एक वाजायला बारा मिनिटं असताना दुसऱ्या टबात फुली दिसली. तिसऱ्या पास. आठ मिनिटांनी देव पास. देव नसलेल्या टबात माती थोडी खाली बसली होती, पण फुलीचा पत्ता नव्हता.

मला वाटलं, आता सगळ्यांना कळेल.

पाठीमागून एकजण ओरडला, "तिसऱ्यामाता की!"

"जय!"

दोन मिनिटांत रश्श्याच्या तिसऱ्यांना हार पडला. नारळ फुटला. एकाने देव नसलेल्या टबालाही फूल वाहिलं, निराकार म्हणून. महाराज तत्काळ सावरले. "पाहिलंत? सिंधुदेवाच्या धाकट्या बहिणी! भावाच्या शेजारी ठेवल्यावर जागृत झाल्या!"

इंदुताई ओट्यावरून उठल्या. गर्दीतून वाट काढत टबापाशी आल्या, हार बाजूला केला.

"ह्याच पोत्यातल्या बहिनी काल शिजवल्या मी. ह्यो माजा पोरगा तीन वाट्या प्याला. काय रं, कुठली बहीन गोड लागली?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा. हसू रांगेसारखं मागे मागे सरकत गेलं आणि रस्त्यापर्यंत पोचलं. सुजित मात्र हसला नाही. तो आईचा चेहरा बघत होता, कारण आई हसत नव्हती.

मूळ कारण

आमच्या कंपनीत दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं. पहिल्या उत्तरावर कधी थांबायचं नाही.

"पाणी निवळलं, का?" मी मोठ्याने विचारलं.

"कारण देवाने पाप..." महाराजांनी सुरुवात केली.

"शिंपली पानी वढते," इंदुताई म्हणाल्या. "आत तिला चाळन असते. खायचं ते खाते, माती तिच्या लाळंत गुंडाळून थुकते. ती तळाला बसते. पाप कुठं जात नाय. खाली बसतं."

"मग तो तळाचा अंगारा?" दारातल्या स्वयंसेवकाने विचारलं. त्याच्या कपाळावर करड्या रंगाचे तीन ठसठशीत पट्टे होते.

"थुकी," इंदुताई म्हणाल्या.

दोन-अडीचशे माणसांनी एकाच वेळी कपाळ पुसलं. असा एकसारखा आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

"पण या शिंपल्या इथे का?"

हे मी महाराजांना विचारलं. ते खाली बसले. बसल्यावर ते महाराज उरले नाहीत. ज्योतीराम नावाचे, पंचावन्न वर्षांचे, गुडघे दुखणारे गृहस्थ झाले. ते एका किनाऱ्यावरच्या कारखान्यात होते. कारखाना समुद्राचं पाणी खेचायचा आणि त्या पाइपांच्या जाळ्यांवर या शिंपल्या इतक्या माजायच्या की पाणी अडायचं. ज्योतीराम त्या खरवडून बादलीत टाकायचे.

"एकदा बादली विसरलो," ते म्हणाले. "दुपारी बघतो तर गढूळ पाणी लख्ख. आईशप्पथ, मला वाटलं, मला काहीतरी दिसलं. नोकरी गेल्यावर एक दगड घेऊन आलो."

"शेजारी दुसरी बादली ठेवून बघायची होती."

"सुचलं नाही," ते म्हणाले. मला तरी ते खरं वाटलं.

तिसरं 'का' मला विचारावं लागलं नाही. इंदुताईंनी पहिल्या टबातला दगड उचलून सगळ्यांपुढे धरला.

"ही पीडा आमच्या पान्यातली नाय. परदेशी जहाजांच्या बुडाला चिकटून आली. आदी बंदराला, मग होड्यांच्या बुडाला, मग जाळ्यांच्या खुटांना. दोन वर्सांमागं पलीकडल्या खाडीत शिरली. तिथल्या बायांनी कालवांचे खडक दाखवले मला. खडक दिसत नाय, नुसतं हे काळं. कालवावर बसते, त्याचं तोंड दाबते, त्याचं खाणं पिऊन टाकते. तिथं आता कालव नाय."

"पन आई," सुजितने चौथं 'का' पुढे केलं, "आपली कालवं तर आधीपासूनच..."

"व्हय. ती पान्यानं मेली. तापलंय पानी. चैत्रात पाय टाकला की पेजेसारखं लागतं. पाऊस येतो तो महिन्याचा दोन दिसांत, खाडी गोडी होते, कालवं तोंड वासून मरतात. अशक्त झालीत ती. खडक रिकामे पडतात." त्यांनी कौशल्याबाईंकडे पाहिलं. "तुमची खोली रिकामी दिसली न् कुनी कुलूप तोडून घुसला, तर?"

"आन् वर धा माणसं आणली तर!" कौशल्याबाई म्हणाल्या. हे त्यांना पटकन समजलं.

"तसंच. आदी उन्हानं घर रिकामं केलं, मग ही घुसली. ह्यांना उनाचं काय नाय, गोड्या-खाऱ्याचं काय नाय. आमच्या खाडीत अजून नव्हती." त्या थांबल्या. "ह्यो दगड उद्या माजा पोरगा स्वताच्या हातानं माज्या खडकावर ठेवणार व्हता. फुलं वाहून."

पाचवं 'का' कुणी विचारलं नाही.

कारण तेवढ्यात विक्की म्हणाला, "पण बाकीचे अकरा डबे?"

तात्काळ उपाय

टेम्पो तीनला निघणार होता. तो साडेबारालाच निघाला होता, डिस्पॅच वेळेआधी केल्याबद्दल ग्रुपवर त्याला अंगठेही मिळाले होते. अकरा डबे, अकरा खाड्या.

सुजित धावत सुटला. चप्पलही आखलेल्या जागेतच राहिली.

त्या दुपारी अकरा खाड्या वाचल्या त्या विज्ञानाने नव्हे, माझ्या बशांनी तर नव्हेच. नाशिक रस्त्यावरच्या कोंडीने वाचल्या. पाऊण तासात टेम्पो गावच्या फाट्यापासून जेमतेम चारशे मीटर सरकला होता. ड्रायव्हर इंजिन बंद करून भेळ खात होता. सुजितने काचेवर थाप मारली.

"काय रे, देव विसरला का एखादा?"

"उलट. सगळे परत दे."

कौशल्याबाईंनी भंडाऱ्याचा हंडा चुलीवर चढवला. इंदुताईंचं म्हणणं होतं, नदीत टाकायचे नाहीत, गटारात टाकायचे नाहीत, जिवंत कुठेच टाकायचे नाहीत. आधी उकळायचे, मग खड्ड्यात पुरायचे. बारा पिल्लू-देव हंड्यात गेले. शेवटी मोठा दगड. तो ज्योतीरामांनी स्वतः आणून सोडला.

हंड्यातून वास सुटला. समुद्राचा, बऱ्यापैकी चविष्ट वास.

"मावशी," रांगेतला तो नव्या लग्नाचा पोरगा म्हणाला, "शिजलेच आहेत तर..."

"सत्याऐंशी दिसांचं पाप खाल्लंय ह्यांनी," इंदुताई म्हणाल्या. "खाशील?"

तो नको म्हणाला.

पुन्हा होऊ नये म्हणून

अहवालाचा हा शेवटचा रकाना. यात साधारण 'कामगारांना सूचना दिल्या' एवढं लिहून सही करतात. मी जरा जास्त लिहिते.

त्या रांगेत मूर्ख कुणी नव्हतं. त्यातला प्रत्येकजण कंपनीत एक शतांश मिलिमीटरसाठी साहेबाशी भांडतो. मास्टर पीसशिवाय गेज मान्य करत नाही. तोच माणूस गेटबाहेर येतो आणि ओळखपत्राबरोबर हा स्वभावही खिशात घालतो. सत्याऐंशी दिवस एकाच्याही डोक्यात आलं नाही की शेजारी एक साधा टब ठेवून बघावा. कारण घाई होती. कालवं कमी होत होती, पाप साठत होतं आणि कुणीतरी तीन तासांचं उत्तर देत होतं. समुद्र तापतोय, याचं उत्तर तीन तासांचं नाही. ते कुणाच्या टाकीत नाही. म्हणून तर टाकीवाल्याचं ऐकावंसं वाटतं.

तेव्हा एवढंच करा. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडा, न जोडा, तुमची मर्जी. पण विचारा: देव नसलेला टब कुठे आहे? आणि तो दिसल्याशिवाय पास करू नका.

सुजितने दोन नाही, चार दिवस सुट्टी घेतली. मी जागा सांभाळली. रविवारी ओहोटीच्या वेळी त्याचा फोन आला. वाऱ्याचा आवाज, आणि मागे दगडावर लोखंड घासल्याचा.

"नीला, इथे आहेत."

"काय?"

"त्या काळ्या शिंपल्या. आईच्या खडकाच्या पलीकडच्या अंगाला, सात-आठ. मी ठेवल्या नाहीत गं. आपल्या आपण आल्या." मागे लोखंड पुन्हा घासलं. "बाया सगळ्या आल्यात. दर ओहोटीला खरवडायचं ठरवलंय. पाणी काय थंड करता येत नाही आम्हाला, पण एवढं करता येतं."

"कशात गोळा करताय?"

"त्या देवाच्या डब्यात. लेबल अजून आहे."

मागून इंदुताईंचा आवाज आला, "फोन ठेव रं! भरती थांबनार हाय का तुज्यासाठी?"

त्याने फोन ठेवला.